आखूड पाऊल

एश्बॉर्नच्या फलाटावर माझ्या लेकीनं, मुक्तानं, माझी सॅक पुन्हा एकदा उघडून तपासली. सकाळ होती, तरी दिवे चालूच होते. ऑक्टोबर संपत आला की इथं सूर्य उगवतो तो केवळ कर्तव्य म्हणून. सांगलीत दिवाळी उरकली, दुसऱ्याच दिवशी मी फराळाचे डबे घेऊन विमानात बसले, त्याला आता चार दिवस होत आले होते आणि झोपेचं गणित अजून जुळत नव्हतं. गुडघे तर विमानातच बोलायला लागले होते.

"आई, हायडेलबर्गला उतरायचंय. अन्शलुस चुकला तर पॅनिक होऊ नकोस, पुढची गाडी असते," मुक्ता म्हणाली. अन्शलुस म्हणजे पुढची जोडगाडी, हे आता मला पाठ झालंय.

शेजारी माझी सहा वर्षांची नात ईरा टोपी कानावर ओढून उभी होती. तिनं विचारलं, "आजी, वोहिन गेस्ट डू?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर आणि प्रश्न मात्र जर्मनमधून येतात. मी मराठीत सांगितलं, कराटेच्या परीक्षेला चाललेय. तिनं मला डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आबर डू बिस्ट आल्ट." मुक्तानं भाषांतर केलं नाही. गरजही नव्हती, म्हातारी आहेस हे कुठल्याही भाषेत कळतं.

मी सांगलीच्या एका शाळेतली निवृत्त क्रीडाशिक्षिका. उभा जन्म मुलींना कराटे शिकवण्यात गेला, अजूनही संध्याकाळी शाळेच्याच हॉलमध्ये वर्ग चालतो. निवृत्तीनंतर माणसं देवदर्शनाला जातात, मी परीक्षा द्यायला जर्मनीत आले. हे का करावं लागलं ते सांगायचं तर आमच्या संघटनेची कहाणी सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला दर वेळी थकवा येतो. तरी सांगते. गाडीत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, बाहेर शेतांवर धुकं होतं आणि समोरचा माणूस कानात बोंडं घालून झोपला होता.

संघटनेचं नाव घेत नाही. नाव घेतलं की लगेच तुम्ही कुठल्या बाजूच्या हा प्रश्न येतो. जपानमधल्या एका गुरूंनी ती सुरू केली. साधी शाळा होती, शिकायला आलेल्याला आधी फरशी पुसायला लावत. पुढे त्यांनी आपले चांगले शिष्य देशोदेशी पाठवले. त्यातले एक जर्मनीत आले आणि इथलेच झाले. तेच आमचे सेन्सेई (गुरुजी). दर हिवाळ्यात ते शिबिर घ्यायला भारतात येत, आणि बरीच वर्षं त्यांचा एक मुक्काम सांगलीत असे. मला ब्लॅक बेल्ट त्यांनीच बांधला.

मग जपानमधले मूळ गुरू गेले आणि जाताना वारस सांगून गेले नाहीत. त्यांचा जावई म्हणाला, शेवटची वर्षं मी त्यांच्याजवळ होतो, गादी माझी. जुने शिष्य म्हणाले, आम्ही तुझ्या आधीपासून आहोत. प्रकरण कोर्टात गेलं. नाव कुणाचं, छातीवरचं चिन्ह कुणाचं, फोटो कुणी लावायचा. मराठी वाचकाला हे फोडून सांगायला नको, आपण इतके पक्ष फुटताना पाहिलेत. पुढे जुन्या शिष्यांतही पटेना, तेव्हा युरोपातल्या काहींनी तिसरी चूल मांडली. आम्ही आपापसांत त्यांना जावईवाले, ज्येष्ठवाले आणि युरोपवाले म्हणतो. जर्मनीत तिन्ही आहेत, प्रत्येकाचं वेगळं फेराइन (नोंदणी केलेलं मंडळ), वेगळी घटना, वेगळा शिक्का. भांडणसुद्धा इथं नीट फाइल लावून होतं.

आम्हा सांगलीकरांना आपण जावईवाले झालो आहोत हे कुरिअरनं नवे बिल्ले आले तेव्हा कळलं. निर्णय मुंबईच्या प्रमुखांनी घेतला होता. गेल्या वर्षी ते प्रमुखच ज्येष्ठवाल्यांकडे गेले आणि आमच्या बाजूला ब्लॅक बेल्टची परीक्षा घेऊ शकणारा माणूस महाराष्ट्रात उरला नाही. माझ्या मुली तयार होऊन बसल्या होत्या. त्यांत प्रतीक्षा. मिरजेच्या एका शाळेला मुलींसाठी कराटे शिकवणारी हवी होती, त्यांना प्रतीक्षा पसंत होती, पण ब्लॅक बेल्टचं प्रमाणपत्र आणा म्हणाले. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडेपर्यंत जागा तिच्यासाठी अडवून ठेवतो, त्यानंतर नाही, असंही म्हणाले. मी तिची परीक्षा घ्यायची तर मला आधी परीक्षक व्हायला हवं, आणि ती परीक्षा जावईवाल्यांच्या जर्मनीतल्या शिबिरात होती. लेक इथं असल्यामुळे राहण्याची सोय होती. म्हणून या वयात हा उपद्व्याप.

हायडेलबर्गला जोडगाडी चुकली. फलाटावर कागदी पिशवीतली ब्रेत्सेल (मिठाचे खडे लावलेला वेटोळ्याचा पाव) खाल्ली, ती चावता चावता जबडा दुखला आणि पुढची गाडी आली. गावात पोचले तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला होता. टुर्नहाले (गावाची व्यायामशाळा) चर्चच्या मागे होती. आत शिरल्यावर ओळखीचा वास आला, घामाचा आणि फरशी पुसण्याच्या औषधाचा. जगात कुठंही गेलं तरी हा वास तोच असतो, आणि खरं सांगते, तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

शिबिर घेणारी ब्रिगिट माझ्याच वयाची. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. दिवसा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तरुणपणी ती सेन्सेईंबरोबर सांगलीला आली होती, आमच्याकडे जेवली होती, आईनं केलेल्या झुणक्यानं तिचे डोळे पाणावले होते. दारात तिनं माझा हात हातात घेतला आणि "वेलकम टू जर्मनी" म्हणाली. ओळख दाखवली नाही. मीही दाखवली नाही. तिनं सेन्सेईंना सोडलं तेव्हा फूट नवी होती आणि जखमा ताज्या होत्या. आता सेन्सेई कुठल्याच गटात नाहीत, पण त्यांच्याशी संबंध ठेवायचा नाही हा नियम जावईवाल्यांनी अजून काढलेला नाही.

रांगेत उभं राहायचं ते ज्येष्ठतेप्रमाणे. माझ्या वरच्या पदव्यांवर सेन्सेईंची सही, म्हणून इथं त्या धरत नाहीत. मला पुष्कळ मागं उभं केलं, विशीतल्या मुलांमध्ये. माझ्या शेजारचा मुलगा गोंधळला, माझा काळा पट्टा झिजून पांढरा पडलेला पाहून त्यानं मला पुढे जायची खूण केली. मी मान हलवली. कुणाकुणाला किती सांगत बसायचं.

दुपारी जेवणाला मसुराचं सूप होतं, त्यात सॉसेज तरंगत होतं. मला नको म्हटल्यावर श्पेट्झल (अंडं घातलेल्या पिठाच्या जाड, आखूड शेवया) चीज घालून दिल्या. पोट भरलं, जिभेला काही कळलं नाही. मग परीक्षा झाली.

परीक्षेला एक काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली) करून दाखवायचा असतो. आमच्या मुख्य कात्याच्या मधोमध एक वळण आहे. पाठ फिरवायची, डावं पाऊल पुढे टाकायचं आणि कोपरानं मारायचं. हे डावं पाऊल ज्येष्ठवाल्यांत लांब आहे आणि जावईवाल्यांत आखूड. बाकी सगळा काता सारखा. एवढ्यावरून माणसं एकमेकांच्या घरच्या लग्नाला जायची थांबली आहेत. मी सेन्सेईंकडून लांब शिकले, नवे बिल्ले आल्यावर व्हिडिओ पाहून आखूड केलं, मुलींनाही आखूड करायला लावलं. शांतपणे केलं की जमतं. त्या दिवशी चार दिवसांची झोप अंगात होती आणि समोर ब्रिगिट बसली होती. वळले, आणि पाय आपणहोऊन लांब गेला.

ब्रिगिटनं हातातलं पेन खाली ठेवलं.

"हे त्यांचं पाऊल आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

"हो. सवय आहे. चुकून गेलं."

"परीक्षकाचं चुकून जाऊन चालत नाही. तुम्ही घरी मुलींना जे शिकवणार ते हेच असेल." मग म्हणाली, "उद्या सकाळी पुन्हा. त्यानंतर नाही."

मी गेस्टहाउसच्या खोलीत जाऊन पलंगाच्या काठावर बसले. बूट काढायचाही कंटाळा आला होता. प्रतीक्षाचा मेसेज होता, मॅडम काय झालं. उत्तर दिलं नाही. मुक्ताला फोन केला आणि सगळं सांगितलं.

"सेन्सेई तिथंच कुठंतरी राहतात ना?" ती म्हणाली. लहानपणी सेन्सेईंच्या पाठीवर बसून ती घोडा घोडा खेळली आहे.

"शेजारच्या गावात. बस जाते. पण मी जाणार नाही."

"का?"

"नियम आहे. कुणी पाहिलं आणि ब्रिगिटला कळलं तर उद्याची परीक्षा गेली. प्रतीक्षाची जागा गेली."

"गेनाऊ, अगदी हाच प्रॉब्लेम आहे तुमच्या कराटेचा. आई, ते ऐंशीच्या पुढे आहेत. तू एवढ्या लांब येऊन त्यांना न भेटता परत जाणार? आणि कोण बघतंय तुला तिथे? नऊवारी नेसून तर चालली नाहीस."

मी चिडून फोन ठेवला, कारण तिचं बरोबर होतं. सेन्सेईंचं नव्या वर्षाचं शुभेच्छापत्र दर जानेवारीत न चुकता येतं, त्यामुळे पत्ता पाठ होता. मुक्ताला द्यायचं म्हणून आणलेल्या भडंगातलं एक पाकीट सॅकमध्ये राहिलं होतं, ते घेतलं आणि बसला उभी राहिले.

त्यांचं घर तळमजल्यावर होतं. दार उघडलं ते सेन्सेईंनीच. हातात काठी, अंगात लोकरीचं जाकीट, पायात सपाता. माणूस इतका लहान कसा झाला हे मला कळेना. मी वाकून नमस्कार करायला गेले तर ते नेहमीप्रमाणे एक पाऊल मागं सरकले, फक्त या वेळी भिंतीला हात लावून.

"सांगली," ते म्हणाले. माझं नाव त्यांना कधीच उच्चारता आलं नाही, मी त्यांच्यासाठी सांगलीच.

घरात ते एकटेच होते. बायको जर्मन होती, ती जाऊन काही वर्षं झाली. कॉफी त्यांनी स्वतः केली, मला उठू दिलं नाही. भडंगाचं पाकीट फोडून एका वाडग्यात ओतलं आणि एकेक दाणा खात बसले. मध्येच खोकले. "तिखट," म्हणाले. हा शब्द त्यांना येतो. तिथं त्या स्वयंपाकघरात बसल्यावर मला एकदम फार दमल्यासारखं झालं आणि मी सगळं बोलून टाकलं. मुंबईवाल्यांचं, बिल्ल्यांचं, प्रतीक्षाचं, ब्रिगिटचं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं.

"कुठं चुकलं?"

"वळल्यावर."

"ते पाऊल," ते म्हणाले आणि काठी टेकत उभे राहिले. मग म्हणाले, "टेबल सरकव."

मी टेबल भिंतीशी लावलं. त्यांनी मला काता करायला सांगितलं, आखूड पावलाचा. मी केला. त्यांनी मान हलवली.

"तू लांब पाऊल कापतेस. म्हणून घाई झाली की ते परत लांब होतं. आखूड पाऊल म्हणजे कापलेलं लांब पाऊल नाही. ते वेगळं आहे. बघ."

खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून ते वळले. आधी अंग पुढे गेलं, सगळं वजन घेऊन, आणि पाय नंतर घाईनं मागून येऊन अंगाखाली टेकला. पडता पडता सावरल्यासारखं. कोपर मात्र तसाच आला, पूर्वीसारखा.

"आधी वजन. मग पाय. गुरू असं करत. शेवटच्या वर्षांत. त्यांचा डावा खुबा दुखायचा, पाय उचलून पुढे टाकता येत नसे. अंग पुढे जाई, पाय मागून येई."

मी विचारलं, "म्हणजे जावई..."

"जावई खोटं बोलत नाही. तो त्या वर्षांत शिकला. त्यानं पाहिलं ते तो शिकवतो. मी तरुण गुरू पाहिले, त्यानं म्हातारे पाहिले."

"मग हे तुम्ही कोर्टात का सांगितलं नाही? निदान युरोपवाल्यांना? एका वाक्यात भांडण मिटलं असतं."

"ते सांगायचं म्हणजे गुरू लंगडत होते असं सांगायचं," सेन्सेई म्हणाले. "चार लोकांत. कागदावर. ते आम्ही कुणी करणार नाही. जावईसुद्धा नाही. त्यालाही माहीत आहे."

मला राग आला. इतकी वर्षं, इतके देश, माझ्यासारख्या शेकडो बायाबापड्यांनी इकडचे बिल्ले उसवून तिकडचे शिवले, मुली परीक्षेविना खोळंबल्या, आणि कारण काय, तर गुरू लंगडत होते हे म्हणायचं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग काठी टेकत खुर्चीत बसले, आणि बसताना त्यांचं तोंड जे वेडंवाकडं झालं ते पाहून माझा राग उतरला. आपले वडील म्हातारपणी न्हाणीघरात कसे धरधरून चालत हे मी तरी कुणाला सांगितलं होतं? म्हणूनच या लेखात मी गुरूंचं किंवा सेन्सेईंचं नाव घेतलेलं नाही, आणि घेणारही नाही.

"माझंही ऑपरेशन झालं," ते म्हणाले, खुब्यावर हात ठेवून. "आता माझं पाऊलही आखूड. या पावलासाठी मी संघटना सोडली. आता मला तेवढंच येतं." आणि हसले. मला हसू आलं नाही.

अंधार पडेपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते वळण घोटून घेतलं. जे त्यांनी स्वतः कधी कुणाला शिकवायचं नाही असं ठरवलं होतं, ज्याच्यापायी ब्रिगिटसारखे शिष्य गमावले, ते मला शिकवलं, कधी न पाहिलेल्या मिरजेच्या एका मुलीच्या नोकरीसाठी. बसची वेळ झाली तेव्हा दारापर्यंत आले. "मी शिकवलं म्हणू नकोस," म्हणाले. "मुलीला पट्टा मिळाला पाहिजे." बसमध्ये खिडकीकडे तोंड करून मी रडले. जर्मन माणसं अशा वेळी बघत नाहीत, हे एक चांगलं आहे.

रविवारी मी वेळेवर पोचले आणि टुर्नहालेला कुलूप. अर्धा तास थंडीत उभी राहिल्यावर हाउसमाइस्टर (इमारतीची देखभाल करणारा) किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला आणि माझ्या मनगटाकडे बोट दाखवून म्हणाला, "विंटरत्साइट." रात्री इथं सगळ्या देशानं घड्याळं एक तास मागं केली होती. मोबाइलनंही केलं होतं, पण मी आपली जुन्या मनगटी घड्याळावर विसंबले. त्यानं मला आत घेतलं, हीटर लावला आणि सामानाच्या खोलीतून चटया काढायला लागला. तिथं भिंतीला लागून तीन कपाटं होती. एक जावईवाल्यांचं, एक ज्येष्ठवाल्यांचं, एक युरोपवाल्यांचं. तिघेही वेगवेगळ्या वारी याच हॉलमध्ये शिकतात, हे मला माहीत नव्हतं.

त्यानं आमचं कपाट उघडून गुरूंचा तसबिरीतला फोटो काढला आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावला. मग काय मनात आलं कोण जाणे, उरलेल्या दोन कपाटांची दारं उघडून दाखवली. दोन्हींत तसबीर. तोच फोटो, तीच चौकट.

"इमर डेअर ग्लायशं मान," तो म्हणाला. तोच माणूस, दर वेळी. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "मंगळवारी काढायचा, ठेवायचा, दुसरा लावायचा. मी म्हटलं, एकच लावून ठेवू या. आल्झो, तर माझ्यावर इतके चिडले." खांदे उडवून तो कॉफी आणायला गेला. मी तिन्ही फोटो पुन्हा एकदा पाहिले. तिन्हींत गुरू बसलेले आहेत, हे मला आजवर जाणवलं नव्हतं.

ब्रिगिट आली, माणसं जमली, आम्ही फोटोला वाकून नमस्कार केला. मला पुढे बोलावलं. काता सुरू केला. वळणापाशी मी पायाचा विचारच केला नाही, अंग पुढे सोडलं आणि पाय आपला येऊन टेकला. कोपर मारला. पुढचं सगळं जसं जायचं तसं गेलं.

शेवटचा नमस्कार करून उभी राहिले. बाकीच्यांना ब्रिगिटनं हॉलच्या दुसऱ्या टोकाला सरावाला पाठवलं आणि माझ्याजवळ आली.

"आमच्यात कुणी ते असं करत नाही," ती हळू म्हणाली. "आम्ही नुसतं पाऊल लहान टाकतो. असं मी एकदाच पाहिलंय, जपानमध्ये, गुरूंना." तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "ज्याला दुखतं तोच असं शिकवू शकतो."

संपलं, असं मला वाटलं. आता खोटं बोलावं की काय, असा विचार करत होते, तोवर तिनंच विचारलं, "ऑपरेशन झालं का त्यांचं?"

"झालं. काठी लागते."

"घरात कोण असतं?"

"कुणी नाही. कॉफी स्वतः करतात."

शेजारच्या गावात राहणाऱ्या आपल्या गुरूंची खुशाली ती सांगलीहून आलेल्या बाईला विचारत होती. मग तिनं पाठ ताठ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बेश्टांडन." उत्तीर्ण. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नंतर तिनं मला संघटनेचं हमीपत्र सहीला दिलं, त्यात इतर गटांशी आणि सोडून गेलेल्यांशी संपर्क ठेवणार नाही हेही होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही आणि मी तिच्याकडे पाहिलं नाही. मी सही केली.

परतीच्या गाडीत ऊन पडलं होतं. द्राक्षांचे मळे पिवळे झाले होते, सांगलीकडच्या बागांची आठवण यावी असे, पण मला आठवण काढायचीही ताकद नव्हती. परीक्षक झाल्याचा आनंद कधी होतो याची मी वाट पाहत होते. एश्बॉर्नला ईरानं फलाटावर विचारलं, "हास्ट डू गेवोनन?" जिंकलीस का. मी हो म्हटलं. मग आठवडाभर लेकीकडे झोपून काढला.

सांगलीला आल्यावर शाळा उघडायच्या आतला रविवार गाठून मुलींची परीक्षा घेतली. हॉलच्या एका टोकाला मी टेबल मांडून बसले, अंगात नवा बिल्ला लावलेला गी (पांढरा वेश). प्रतीक्षाची पाळी शेवटची. मुलगी चांगली आहे, घोटून तयार झालेली. पण ती माझ्याकडे अगदी लहानपणापासून येते, म्हणजे लांब पावलाच्या काळापासून. मला समोर बसलेलं पाहून घाबरली असावी. वळली, आणि तिचं पाऊल लांब गेलं. सुंदर गेलं, सेन्सेईंचं जायचं तसं.

मी पेन खाली ठेवलं. सोडून देता आलं असतं, हॉलमध्ये बघणारं दुसरं कोण होतं? पण बाकीच्या मुलींनी पाहिलं होतं. उद्या त्यांतली एखादी दुसऱ्या परीक्षकापुढे उभी राहील. आणि मी सही करून आले होते.

"पुन्हा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ब्रिगिटचा वाटला.

तिनं पुन्हा केलं. पाऊल कापलं, ते तुटकं दिसलं आणि तोल गेला. तिचे डोळे भरून आले. मग मी उठले. परीक्षकानं मध्ये उठायचं नसतं, तरी उठले, तिच्या शेजारी उभी राहिले आणि सांगितलं, पायाचा विचार सोड, आधी वजन, मग पाय. करून दाखवलं. तिसऱ्यांदा तिला जमलं. सगळ्या मुली जमल्या, मी तिला पट्टा बांधला, पेढे वाटले गेले.

बाकीच्या गेल्यावर ती मागं रेंगाळली.

"मॅडम, मघाशी पहिलं केलं ते चुकीचं होतं का?"

"नाही."

"मग?"

मला सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. तोंडापर्यंत आलेलं ते वाक्य मी गिळलं, आणि ते गिळताना सेन्सेई, तो जावई आणि ब्रिगिट यांच्या रांगेत मीही जाऊन उभी राहिले आहे हे मला चांगलं कळत होतं.

"मग काही नाही," मी म्हटलं. "घरी जा आता. उद्या मिरजेला लवकर जायचंय ना."

ती दारात वळली, मला वाकून नमस्कार केला आणि गेली. मी एक पाऊल मागं सरकले होते.